आमच्या वार्ताहराकडून

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीची नात दोन दिवस राहायला आली होती. पुण्यात पत्रकारिता शिकते. रात्री जेवणं झाल्यावर मी तिला अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या गोष्टी सांगत बसले. पाटण खोऱ्यातलं आमचं गाव, अण्णांचं किराणा मालाचं दुकान, आणि दुकान सांभाळून सव्वीस वर्षं त्यांनी एका दैनिकाला पाठवलेल्या बातम्या. पोरीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पणजोबा स्ट्रिंगर होते की गं आजी!"

मला काही तो शब्द आवडला नाही. म्हटलं, "स्ट्रिंगर-बिंगर नाही, वार्ताहर होते." तर म्हणते, "तेच ते. इंग्लिशमध्ये स्ट्रिंगर म्हणतात."

तेच ते कसं असेल? वार्ताहर म्हटलं की कसं भारदस्त वाटतं, आणि स्ट्रिंगर म्हणजे दोरीवाला! ती गेल्यावर कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला. मुलाने दिलेल्या टॅबवरही शोधाशोध केली. बी.ए.ला माझा विषय इतिहास, तोही मराठी माध्यमातून. इंग्रजीशी संबंध आला तो शाळेत पाचवी-सहावीला शिकवण्यापुरता. पण शब्दांच्या मागे लागायची खोड जुनी आहे. महिनाभर हाच उद्योग चालला होता. त्यात जे हाती लागलं ते आज लिहिते आहे. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी स्ट्रिंगरच. जुन्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला जुळवलेल्या मजकुरावर पैसे मिळत. आपण जुळवलेल्या मजकुराची कात्रणं तो एकाखाली एक चिकटवत जाई. ती लांबच लांब पट्टी म्हणजे त्याची स्ट्रिंग. पट्टी जेवढी लांब, तेवढी मजुरी. पुढे गावोगावच्या बाहेरच्या बातमीदारांनाही अमेरिकन वृत्तपत्रं अशीच छापून आलेल्या मजकुराची लांबी मोजून पैसे देऊ लागली, म्हणून ते स्ट्रिंगर, असं सांगतात.

हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. कारण आमच्या घरी ती पट्टी मोजायचं काम माझं होतं! महिनाअखेरीला अण्णा कात्रणांची वही काढत. मी शाळेची लाकडी फूटपट्टी घेऊन एकेक कात्रण मोजायची आणि शेजारी पेन्सिलीने इंच लिहायची. मथळा मोजायचा नाही, ही कचेरीची अट. इंचाला चार आणे. मी बेरीज करायची, अण्णा ती पोस्टकार्डावर लिहून कळवत आणि कधी पंधरा दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी मनीऑर्डर येई. ती आमच्या बेरजेशी जुळल्याचं मला तरी आठवत नाही.

म्हणजे पोरीचा शब्द चुकीचा नव्हताच. मला टोचला तो त्यामुळेच की काय, कोण जाणे!

आता आपला वार्ताहर बघा. शाळेत मुलं विनोद करायची, "बाई, वार्ताहर म्हणजे वार्ता हरण करणारा का?" मी सांगायची की 'हर' म्हणजे नेणारासुद्धा. मनोहर मन नेतो, तसा वार्ताहर वार्ता नेतो. गंमत अशी की इंग्रजीतला रिपोर्टर नेमका तसाच बनला आहे. लॅटिनमध्ये 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणं. पोर्टर, म्हणजे आपला हमाल, त्याच धातूचा. रिपोर्टर म्हणजे परत घेऊन येणारा, तिकडचं इकडे आणणारा. तेव्हा रिपोर्टर आणि स्टेशनावरचा हमाल हे सख्खे नाही तरी चुलतभाऊ नक्की!

हे 'तिकडचं इकडे आणणं' इंग्लंडात बराच काळ गुन्हा होता. पार्लमेंटमधली भाषणं बाहेर छापायला बंदी होती. तरी लोकांना ती वाचायची असत. मग १७४१ ते १७४४ या काळात 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये 'लिलिपुटच्या सभागृहातील वादविवाद' या सोंगाखाली ती छापली जात. लिहिणारा होता पुढे कोशकार म्हणून गाजलेला सॅम्युअल जॉन्सन. सभागृहात कोण काय बोललं याची त्रोटक माहिती त्याला पुरवली जाई आणि बाकीचं अस्खलित भाषण हा खोलीत बसून स्वतःच रचायचा. म्हणजे वार्ता न हरता वार्ताहर! १७७१ साली भाषणं छापणाऱ्या मुद्रकांना पकडायला निघालेल्या पार्लमेंटला लंडन शहराचा मेयर आडवा आला. मेयर तुरुंगात गेला, लोक खवळले, आणि त्यानंतर छपाईवरची बंदी नुसती कागदावर उरली. तरीही गॅलरीत बसून टिपणं घ्यायला मनाई होतीच. विल्यम वुडफॉल नावाचा एक गृहस्थ तासन्‌तास नुसता ऐकत बसे आणि बाहेर येऊन रकानेच्या रकाने आठवणीतून लिहून काढी. त्याचं नावच 'मेमरी' वुडफॉल पडलं. आपल्याकडच्या घनपाठ्यांची आठवण झाली.

चार्ल्स डिकन्स कादंबरीकार होण्याआधी याच गॅलरीतला लघुलिपी जाणणारा रिपोर्टर होता. गावोगावच्या सभांचं वृत्त घेऊन रात्री धावत्या घोडागाडीत, हातात धरलेल्या कागदावर, कंदिलाच्या उजेडात तो मजकूर उतरवून काढायचा. हे त्याने म्हातारपणी एका भाषणात मोठ्या प्रेमाने सांगितलं होतं. अण्णाही कऱ्हाडहून येताना एस.टी.त बॅटरीच्या उजेडात लिहायचे. त्यांना डिकन्स माहीत नव्हता. माहीत असता तर आईला सांगायला बरं पडलं असतं!

या गॅलरीवरूनच 'फोर्थ इस्टेट' हा शब्द गाजला. मेकॉलेने १८२८ साली तो वापरला. कार्लाइलने पुढे त्याचं श्रेय एडमंड बर्कला दिलं. इस्टेट म्हणजे त्यांच्या राज्यातले जुने तीन वर्ग: धर्मगुरू, सरदार आणि सामान्यजन. गॅलरीतले रिपोर्टर हा चौथा. आपण मराठीत त्याचा केला 'चौथा स्तंभ', आणि आधीचे तीन स्तंभ ठरवले संसद, शासन आणि न्यायालय. म्हणजे मूळचे पाद्री आणि सरदार आपल्याकडे येईपर्यंत गळून पडले. शिवाय वृत्तपत्रातल्या रकान्यालाही आपण स्तंभच म्हणतो. त्यामुळे स्तंभलेखक हा नक्की कुठल्या स्तंभावर लिहितो, असा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने विचारला होता. मी त्याला खाली बसवलं. उत्तर येत नसलं की आम्ही शिक्षक तेच करतो.

करस्पाँडंट हा शब्द मात्र सरळ आहे. पत्रव्यवहार करणारा तो करस्पाँडंट. बातमी आधी पत्रानेच यायची. व्यापारी, वकील, प्रवासी पत्रं लिहीत आणि संपादक ती छापत. आपल्याकडेही तसंच झालं. १८३२ साली ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं. त्यात एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी असे. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रं आली. ती संपादकाला लिहिलेली पत्रंच होती. या अर्थाने गोपाळ हरि देशमुख हे 'प्रभाकर'चे करस्पाँडंटच म्हणायचे.

त्याच्याही मागे गेलं तर पेशव्यांचे दिल्लीचे वकील हिंगणे तिथल्या दरबाराच्या बातम्या पत्रांनी पुण्याला कळवत. आणि शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतला मंत्री, ज्याला वाकनीस म्हणत, तो रोजच्या घडामोडींची नोंद ठेवी. मूळ फारसी वाकेनवीस, घटना लिहिणारा. जर्नलिस्ट शब्दाच्या पोटातही 'रोज'च आहे. फ्रेंचमधल्या दिवसावरून जर्नल, आणि जर्नल लिहिणारा जर्नलिस्ट. हा शब्द इंग्रजीत आला सतराव्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा वाकनिसाचं पद त्याहून जुनं! (वाकनीस आडनावाची मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी आज जरा ताठ बसावं.) इंग्रजीत जुन्या काळी बातमीला 'इंटेलिजन्स' म्हणत. त्यामुळे 'इंटेलिजन्सर' म्हणजे बातमीपत्र काढणारा, आणि हेरसुद्धा. आपल्या बखरींतला बातमीदारही हेरच असतो. गावात कुणी अण्णांना बातमीदार म्हटलं की पोलीस पाटील उगाच त्यांच्याकडे संशयाने बघत, ते काही अगदीच निराधार नव्हतं म्हणायचं!

असो. आता पैशाकडे येते, कारण इंग्रजी शब्दांमध्ये मला सगळ्यात जास्त दिसला तो पैसाच.

लंडनमधल्या हॅकनी या भागावरून भाड्याने मिळणाऱ्या साध्या घोड्याला हॅकनी म्हणू लागले, असं मानतात. त्याचं झालं हॅक. पुढे पैसे देईल त्याच्यासाठी लिहिणारा लेखकही हॅक झाला. मराठीत आपण भाड्याचं तट्टू म्हणतो, अगदी तेच. हे हॅक लोक लंडनमध्ये ग्रब स्ट्रीटवर दाटीवाटीने राहत. वर सांगितलेल्या जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात त्या गल्लीची व्याख्या करताना तिथे कोश लिहिणारेही राहतात, असं घालून स्वतःचाच कान पिळला आहे. १८३० मध्ये गल्लीचं नाव बदलून मिल्टन स्ट्रीट केलं. शब्द मात्र ग्रब स्ट्रीटच राहिला. एकोणिसाव्या शतकात 'पेनी-अ-लायनर' आले. त्यांना ओळीवर पैसे, म्हणून ते बातमी ताणायचे. आग लागली असं न लिहिता अग्निनारायणाने रौद्र रूप धारण केलं असं लिहिलं की एक पेनी वाढली! अण्णांच्या जुन्या बातम्यांतही 'उपस्थितांची मने हेलावून गेली' हे वाक्य फार वेळा येतं. त्याचं कारण मला आता कळलं. फ्रीलान्स म्हणजे मोकळा भाला. जो पैसे देईल त्याच्या बाजूने लढणारा स्वार. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीने तो शब्द लोकांत नेला. आपण त्याचं मुक्त पत्रकार असं छान भाषांतर केलं. भाला गेला आणि पैसेही गेले.

बाकीचे पुष्कळ शब्द शिव्या म्हणूनच जन्मले. मकरेकर म्हणजे शेणकूर उपसणारा. १९०६ साली थिओडोर रूझवेल्टने बनियनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'मधलं पात्र घेऊन हा शब्द भ्रष्टाचार उघड करणाऱ्या पत्रकारांना उद्देशून वापरला. त्यांनी तो बिरुदासारखा मिरवला. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खुनाच्या खटल्याला चार बायका बातमीदार म्हणून बसल्या, तर त्यांना पुरुष सहकाऱ्यांनी नाव दिलं 'सॉब सिस्टर्स', रडूबाया. त्याच दशकात इकडे तानुबाई बिर्जे 'दीनबंधू' चालवत होत्या. त्यांना कुणी काय नावं ठेवली हे लिहून ठेवायला बहुधा दुसरी बाई नव्हती.

संपादक शब्दाची माझी एक वेगळीच आठवण आहे. मी लहान असताना खोऱ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, भूसंपादन. कोयना धरण होत होतं आणि गावंच्या गावं उठत होती. त्यामुळे अण्णा "संपादकांना लिहिलंय" म्हणाले की मला वाटायचं, आता आपलीही जमीन जाणार! संपादन म्हणजे मिळवणं, तडीस नेणं. लॅटिनमधला एडिटर म्हणजे बाहेर देणारा, लोकांपुढे मांडणारा. आणि रोममध्ये स्वतःच्या खर्चाने लोकांपुढे ग्लॅडिएटरच्या झुंजी मांडणाऱ्यालाही एडिटरच म्हणत. हल्ली रात्री नऊ वाजता वाहिन्यांवर जे चालतं ते बघून मला हा अर्थ पुन्हा रुजल्यासारखा वाटतो. त्या झुंजी लावणाऱ्याला अँकर म्हणतात, म्हणजे नांगर. दूरदर्शनवर साधे वृत्तनिवेदक होते तेव्हा घरात शांतता होती.

पण संपादकाच्या वाट्याला तुरुंगही आला. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पत्रावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं झालं. शेवटच्या पानाच्या तळाशी जी बारीक ओळ असते, ती तिथून आली. नाव छापायचं ते पकडायला सोपं जावं म्हणून. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात 'केसरी'चे आगरकर आणि 'मराठा'चे टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. अमेरिकेतही तसंच. तिथल्या यादवी युद्धात १८६३ साली जनरल हूकरने हुकूम काढला की बातमीदारांनी आपल्या मजकुराखाली नाव द्यायलाच हवं. हेतू सन्मानाचा नव्हता. सैन्याची गुपितं कोण फोडतो ते कळावं, एवढाच. बातमीवरच्या नावाला बायलाइन म्हणू लागले ते पुढे विसाव्या शतकात, आणि आज पोरं जिच्यासाठी जीव टाकतात ती हीच.

लंडनच्या 'टाइम्स'ने मात्र नाव छापणं फार वर्षं टाळलं. विल्यम हॉवर्ड रसेलने १८५४ पासून क्रिमियाच्या युद्धातली सैन्याची दुर्दशा कळवून इंग्लंड हलवून सोडलं. पुढे १८५८ मध्ये तो लखनौलाही आला. छापून यायचं ते फक्त 'आमच्या खास बातमीदाराकडून'. 'टाइम्स'ने ही पद्धत सोडली आणि बातम्यांवर नावं द्यायला सुरुवात केली ते साल १९६७.

१९६७! ते साल वाचलं आणि मी थोडा वेळ पुढे वाचलंच नाही.

त्या वर्षी ११ डिसेंबरला पहाटे चारनंतर कोयनेचा भूकंप झाला. आमच्या घराची मागची भिंत आडवी झाली. आम्ही सगळे अंगणात, थंडीत, गोधड्या गुंडाळून. आणि उजाडायच्या आत अण्णा सायकल काढून कोयनानगरच्या दिशेने निघाले. आई ओरडत राहिली, "भिंत पडलीय घरची, आणि निघाले बातमी आणायला!" पुढे कितीतरी वर्षं ती हे वाक्य ऐकवायची. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली त्या दिवशी. अण्णा रात्री परतले तेव्हा हातापायांवर माती होती. काही बोलले नाहीत. चुलीपाशी बसून आठ पानं लिहिली. कुणाचं घर, कोण दबलं, कोण वाचलं, सगळं नावानिशी. सकाळी पाकीट एस.टी.च्या ड्रायव्हरकडे दिलं. बातम्यांची पाकिटं तशीच जायची.

दोन दिवसांनी पेपर आला. पहिल्या पानावर सविस्तर वृत्त होतं. अण्णांनी लिहिलेली नावं होती, बाळाला पोटाशी धरून बसलेल्या म्हातारीची हकीकत होती, काही वाक्यं तर जशीच्या तशी. वर नाव होतं कचेरीतून आलेल्या खास प्रतिनिधीचं. अण्णांना तो भेटलाही नव्हता. निदान 'आमच्या वार्ताहराकडून' एवढं तरी असेल म्हणून मी सगळा पेपर दोनदा वाचला. नव्हतं.

त्या महिन्याच्या मनीऑर्डरीत बाजारभाव आणि एका सत्यनारायणाच्या बातमीचे पैसे आले. अण्णांनी पत्र लिहिलं. उत्तर नाही. मग उत्तराचं तिकीट लावलेलं पाकीट जोडून दुसरं लिहिलं. तेही गेलं ते गेलंच. दोन महिने त्यांनी काही पाठवलं नाही. मग कचेरीतून कार्ड आलं, 'आठवडा बाजाराचे भाव येत नाहीत, कृपया पाठवावेत.' आणि अण्णांनी पाठवले! मला तेव्हा फार राग आला होता. सतरा वर्षांची होते.

बरीच वर्षं मी समजत होते की अण्णांनी भांडायला हवं होतं. पण कशाच्या आधारावर? श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली कायदा झाला होता. त्यात कोण पत्रकार याची लांब यादी होती. संपादक, अग्रलेख लिहिणारा, उपसंपादक, रिपोर्टर, करस्पाँडंट, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार, अगदी मुद्रितं तपासणारासुद्धा. पण अट अशी की पत्रकारिता हा त्याचा मुख्य व्यवसाय हवा. अण्णांचा मुख्य व्यवसाय गूळ, तेल आणि काड्यापेट्या. ते गावात वार्ताहर होते, पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी पुढच्या खुर्चीवर बसत होते, पण कायद्याच्या यादीत त्यांच्यासाठी शब्द नव्हता. आम्हा घरच्यांनाही वार्ताहर या शब्दाचा इतका अभिमान की इंचाला चार आण्यांचं कुणाजवळ बोलायची लाज वाटायची. इंग्रजी शब्दाने ते चार आणे निदान लपवले नसते.

नातीचा परवा फोन आला. तिला कॉलेजात एक निबंध लिहायचा आहे, त्यात अण्णांबद्दल लिहू का विचारत होती. म्हटलं, लिही, आणि स्ट्रिंगर लिही, माझी हरकत नाही. तर म्हणते, "नको आजी, वार्ताहरच लिहिते, तू रागावतेस." आता हिला काय सांगू!

वही अजून माझ्याजवळ आहे. भूकंपाचं ते वृत्त अण्णांनी कापून त्यात चिकटवलं आहे, खास प्रतिनिधीच्या नावासकट. शेजारी इंच लिहिलेले नाहीत. परवा फूटपट्टी घेऊन मोजलं. मथळा सोडून एकतीस इंच भरलं.

ही वही १९६९ मध्ये संपते. त्यानंतरची दुसरी वही धाकट्या काकांच्या घरी गेल्याचं आठवतं. काकांच्या मुलांपैकी कुणी हे वाचत असेल तर माळ्यावर जरूर बघा. निळ्या पुठ्ठ्याची आहे, वर 'कात्रणे' असं माझ्याच अक्षरात लिहिलंय. सापडली तर कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.